काटा दुसऱ्याचा, तूट आपली: गावातून ॲडटेक कंपनीत नोकरी, एक परीक्षण

घरच्या काट्यावर दहा क्विंटल भरलेला कापूस जिनिंगच्या काट्यावर नऊ क्विंटल ऐंशी किलो भरतो. वीस किलो गेले कुठे? काटा चुकला, गाडीतून सांडला की ओलावा उडाला? ॲडटेक, म्हणजे इंटरनेटवरच्या जाहिरातींची यंत्रांमार्फत खरेदी-विक्री चालवणाऱ्या, कंपनीच्या ॲड ऑपरेशन्स विभागातला (जाहिराती चढवण्या-मोजण्याच्या विभागातला) माणूस रोज याच प्रश्नाचे उत्तर शोधत असतो. त्याचा माल म्हणजे जाहिराती. कंपनीचा काटा सांगतो दहा लाख वेळा दाखवल्या, गिऱ्हाइकाचा काटा सांगतो आठ लाख सत्तर हजार. आणि पैसे बहुधा गिऱ्हाइकाच्या काट्यावर मिळतात.

हे परीक्षण त्या नोकरीचे आहे. वरूड, आर्वी, दर्यापूर, पांढरकवडा किंवा त्यांच्या आसपासच्या खेड्यात घरी बसून ती करू पाहणाऱ्यांसाठी ते लिहिले आहे. कंपनी पुण्याची, बंगळूरची किंवा परदेशी, माणूस कायम पगारावर, लॅपटॉप कंपनीचा, असे गृहीत धरले आहे. निकाल आधीच देतो. लंडनच्या वेळेची पाळी असेल आणि घरी इन्व्हर्टर व दोन वेगळ्या वाटांचे इंटरनेट असेल, तर नोकरी घ्यावी. पहिली नोकरी म्हणून तर ती फारच चांगली आहे. न्यूयॉर्कच्या वेळेची रात्रपाळी असेल तर वर्षभरात काम शिकून पाळी बदलून घ्यावी. आणि नुसते जाहिराती चढवण्याचेच काम हाती येणार असेल, आकडे जुळवण्याचे नाही, तर पगार थोडा जास्त असला तरी दुसरी जागा शोधावी. कारण पुढे येईलच.

बाजार कसा चालतो

वेबसाइटचे पान उघडले की त्यावरच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. जागा ज्याची तो प्रकाशक. त्याच्या वतीने माल मांडते ती एसएसपी. जाहिरातदाराच्या वतीने बोली लावते ती डीएसपी. बाजार समितीतला अडत्या आणि व्यापारी डोळ्यांसमोर ठेवले की हे नाते लवकर कळते. फरक दोन आहेत. बाजारात बोली पुकारली जाते आणि सगळ्यांना ऐकू येते, इथे ती बंद पाकिटात असते. आणि हा लिलाव साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, संपतो. उशिरा आलेली बोली मोजलीच जात नाही.

पूर्वी सर्वांत मोठी बोली लावणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा जेमतेम जास्त रक्कम देत असे. आता स्वतःची पूर्ण बोली द्यावी लागते. गूगल ॲड मॅनेजरने २०१९ मध्ये ही पद्धत घेतली आणि बाजार तिच्यावर स्थिरावला. मुलाखतीत हा फरक विचारतात, म्हणून इथे सांगितला.

आपल्याजवळच्या शहरांत या धंद्याच्या कंपन्या फार नाहीत. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, पण ते सर्वसाधारण आयटी सेवांचे काम. ॲडटेक मुख्यतः पुणे, बंगळूर, मुंबई, गुरगाव इथे. इनमोबी २००७ मध्ये सुरू झालेली, बंगळूरची. पबमॅटिक २००६ मध्ये सुरू झाली, तिच्या अभियंत्यांचे मोठे काम पुण्यातून चालते आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आले. गावातून नोकरी करायची म्हणजे घरून काम, किंवा महिन्यातून काही दिवस पुण्याची चक्कर. ही चक्कर किती दिवसांची आणि कोणाच्या खर्चाने, हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे. तोंडी कबूल केलेले ‘पूर्ण घरून काम’ एखाद्या ई-मेलने रद्द होऊ शकते.

दिवसाचे काम

कागदावर काम साधे आहे. गिऱ्हाइकाकडून ऑर्डर येते: अमुक जाहिरात, अमुक तारखेपासून, अमुक देशात, ३० लाख वेळा. ॲड सर्व्हरवर, म्हणजे जाहिराती पाठवणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रणेवर, ऑर्डर उघडायची, तिच्याखाली लाइन आयटम (ऑर्डरमधली एकेक नोंद) करायचा, प्रकार आणि प्राधान्य ठरवायचे, तारखा, देश, उपकरण आणि पानावरची जागा नेमायची. एका माणसाला दिवसात किती वेळा दाखवायची ती मर्यादा घालायची, मग जाहिरातीची फाइल चढवायची. बॅनरची नेहमीची मापे ३००×२५०, ७२८×९०, ३२०×५०, १६०×६०० आणि ३००×६००. फाइल १५० केबीच्या आत ठेवण्याचा रिवाज आहे. एचटीएमएल फाइल झिपमध्ये येते आणि तिच्यात क्लिकटॅग (क्लिक मोजून पुढे नेणारी ओळ) नसेल तर जाहिरात दिसते पण क्लिक मोजला जात नाही. नव्या माणसाच्या हातून सुटणारी पहिली गोष्ट हीच.

दुसरी म्हणजे वेळ. अमेरिकी गिऱ्हाइकाची मोहीम १ तारखेला मध्यरात्री सुरू व्हायची असते. उन्हाळी वेळेत न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे ९:३०. खात्याची वेळ चुकून भारतीय राहिली आणि १ तारीख रात्री १२ वाजता असे भरले, तर मोहीम न्यूयॉर्कच्या आदल्या दिवशी दुपारी २:३० लाच धावू लागते. साडेनऊ तासांच्या त्या जाहिराती ऑर्डरच्या मुदतीबाहेर दाखवल्या गेल्या, त्यांचे बिल लावता येत नाही. नुकसान कंपनीचे, आणि चुकीच्या नोंदीपुढे नाव आपले. म्हणून तारीख भरण्याआधी खात्याचा वेळपट्टा वाचायचा, प्रत्येक वेळी, पाठ असला तरी.

तिसरी चूक चाचणीची. चालू जाहिरात नीट दिसते का हे पाहताना तिच्यावर खरोखरचा क्लिक करू नये. प्रिव्ह्यूची लिंक असते, ती वापरावी. खऱ्या क्लिकने आकडे घाण होतात, आणि एकाच पत्त्यावरून वारंवार झाले तर ते बनावट क्लिक म्हणून नोंदले जाऊ शकतात. अमेरिकेपुरती लावलेली मोहीम गावातून दिसतच नाही. तिथे प्रिव्ह्यू किंवा कंपनीने दिलेला व्हीपीएन (दुसऱ्या देशातून पाहिल्यासारखे दाखवणारी जोडणी), एवढेच दोन मार्ग. स्वतःचा फुकटचा व्हीपीएन कंपनीच्या लॅपटॉपवर टाकू नये.

मोहीम सुरू झाल्यावर रोज गती पाहायची. ३० लाख वेळा ३० दिवसांत म्हणजे दिवसाला एक लाख. दहाव्या दिवशी दहा लाखांऐवजी सात लाखच झाले असतील तर उरलेल्या २० दिवसांत २३ लाख करायचे आहेत, म्हणजे दिवसाला १ लाख १५ हजार. जागाच तेवढी नसेल तर देशाची, उपकरणाची किंवा वारंवारतेची अट सैल करावी लागते, आणि ती गिऱ्हाइकाला विचारूनच. पंचविसाव्या दिवशी हे लक्षात आले तर काही हाती उरत नाही. पहिल्या ३ दिवसांतच गती ओळखणारा माणूस या विभागात जपून ठेवतात.

एक स्थानिक गोष्ट. भारतातल्या मोहिमा करताना ‘फक्त यवतमाळ जिल्हा’ अशी मागणी येते, बियाण्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या जाहिरातींना तर नेहमीच. मोबाइल डेटाचा आयपी पत्ता बहुतेक वेळा ऑपरेटरच्या गेटवेच्या, म्हणजे त्याचा डेटा जिथून इंटरनेटला जोडला जातो त्या, शहराचा दिसतो. घाटंजीचा फोन नागपूरचा किंवा मुंबईचा ठरतो. आयपीवरून तालुका नेमणे भरवशाचे नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. जिथे ॲपने परवानगी घेऊन जीपीएस दिलेले असते तिथेच असली नेमणूक चालते. पऱ्हाटी आणि सोयाबीनचा हंगाम ठाऊक असलेला गावचा माणूस अशा मोहिमेत शहरातल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. कीटकनाशकाची जाहिरात कोणत्या आठवड्यात दाखवायची, हे त्याला शेत पाहून कळते.

तूट कुठे जाते

या नोकरीचा गाभा इथे आहे. चांगल्या-वाईटाचा निवाडा इथेच व्हावा.

तूट काढायचे सूत्र सोपे: आपला आकडा वजा त्यांचा आकडा, भागिले आपला आकडा, गुणिले शंभर. दहा लाख आणि आठ लाख सत्तर हजार म्हणजे १३ टक्के. दहा टक्क्यांपर्यंतची तूट धंद्यात खपवून घेतात. त्यापुढे दोन्ही बाजूंनी बसून कारण शोधायचे असते.

कारणे एका क्रमाने तपासावीत, म्हणजे वेळ वाया जात नाही. आधी दोन्ही अहवालांचा वेळपट्टा. एक न्यूयॉर्कचा आणि एक यूटीसीचा (जागतिक प्रमाण वेळेचा) असेल तर रोजचा आकडा कधीच जुळणार नाही, पण महिन्याचा जवळपास जुळेल. रोजची तूट कधी अधिक कधी उणे दिसत असेल तर संशय वेळेवरच घ्यावा. मग पाहावे, कोण कोणत्या क्षणी मोजतो. एकाचा काटा जाहिरात पाठवली तेव्हा हलतो, दुसऱ्याचा ती पडद्यावर उमटू लागली तेव्हा. मधल्या वेळात माणूस पान सोडून गेला की एकाच्या वहीत ती आहे आणि दुसऱ्याच्या नाही. सावकाश इंटरनेट, जड फाइल आणि एकामागून एक तीन-चार सर्व्हरकडून फिरून येणारी जाहिरात, या तिन्हींनी ही तूट वाढते.

तिसरे, कॅशबस्टर. टॅगमध्ये, म्हणजे पानावर जाहिरात बोलावणाऱ्या कोडच्या तुकड्यात, दर वेळी बदलणारा एक आकडा बसवलेला असतो. तो नसेल तर ब्राउझर जुनीच प्रत दाखवतो आणि समोरच्या सर्व्हरला खबरच जात नाही. टॅग चढवताना मॅक्रो, म्हणजे तो आकडा आपोआप भरणारा शब्द, बसला की नाही हे डोळ्यांनी पाहावे. न बसलेला मॅक्रो पत्त्यात टक्केवारीच्या चिन्हांसकट जसाच्या तसा दिसतो, तिथेच पकड होते. चौथे, सुरक्षित पानावर असुरक्षित पत्त्याचा टॅग. ब्राउझर तो अडवतो आणि समोरचा आकडा एकदम खाली येतो. पाचवे, बनावट रहदारी. यंत्रांनी पाहिलेल्या जाहिराती एक बाजू गाळते, दुसरी गाळत नाही किंवा महिनाअखेर गाळते. त्यामुळे ५ तारखेला जुळलेला आकडा पुढच्या महिन्यात पुन्हा फुटतो. तूट उलटी असेल, म्हणजे समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल, तर टॅग दोनदा बसला आहे का ते आधी पाहावे.

क्लिकची तूट वेगळी. क्लिक हजार आणि गिऱ्हाइकाच्या संकेतस्थळावर भेटी सहाशे, अशी तक्रार नेहमी येते. मोबाइलवर चुकून लागलेले बोट, पान उघडण्याआधीच मागे फिरलेला माणूस, संमती न दिल्याने मोजणीच न होणे, ही त्याची कारणे. क्लिक आणि भेट या मुळातच वेगळ्या वस्तू आहेत, हे पहिल्याच ई-मेलमध्ये लिहावे. चौथ्या ई-मेलमध्ये लिहिले तर ती सबब वाटते.

आता भरपाई. गिऱ्हाइकाच्या काट्यावर दहा लाख भरायचे आहेत आणि तूट १३ टक्के आहे, तर आपण किती नोंदवायचे? बरेच जण दहा लाखांत १३ टक्के मिळवून ११ लाख ३० हजार लिहितात. त्याचे ८७ टक्के होतात ९ लाख ८३ हजार १००. जवळपास १७ हजार कमी पडतात. खरा हिशोब भागाकाराचा: दहा लाख भागिले ०.८७, म्हणजे सुमारे ११ लाख ४९ हजार ४२५. ओल्या कापसाच्या घटीचा हिशोब ज्याच्या घरी होतो त्याला हे सांगावे लागत नाही. शहरातल्या पोरांना सांगावे लागते.

व्हिडिओ जाहिरातींत चुकांना क्रमांक असतात आणि ते पाठ असले की अर्धे काम होते. १०० म्हणजे फाइलची रचनाच वाचता आली नाही. ३०१ म्हणजे पुढच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिले नाही. ३०३ म्हणजे सगळ्या साखळीच्या शेवटी जाहिरातच निघाली नाही. ४०२ म्हणजे व्हिडिओची फाइल येता येता वेळ संपली, ४०३ म्हणजे या प्लेअरला चालेल अशी फाइलच दिलेली नाही. ४०३ साठी गिऱ्हाइकाकडून साधी एमपी४ फाइल मागवावी. ९०० आला तर काहीच कळत नाही. तो ‘अज्ञात चूक’ असतो, आणि तिथे ब्राउझरची एफ१२ खिडकी (पानामागची देवाणघेवाण दाखवणारी) उघडून एकेक विनंती वाचत बसावे लागते.

एवढे ज्याला येते तो माणूस दुसऱ्या कंपनीतही चालतो, कारण हे ज्ञान एका सॉफ्टवेअरला बांधलेले नाही. नुसते चढवण्याचे काम मात्र एपीआय आणि स्क्रिप्टकडे, म्हणजे यंत्राकडेच, झपाट्याने जाते आहे. म्हणूनच वर म्हटले, आकडे जुळवणारी जागा मागा. जोडीला एक्सेलचे पिव्होट आणि व्हीलुकअप, मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), मग थोडी जावास्क्रिप्ट (वेबपानांची भाषा), हा क्रम ठेवावा. गूगलच्या स्किलशॉपवरचे अभ्यासक्रम फुकट आहेत. प्रीबिड नावाची लिलावाची प्रणाली खुली आहे, तिचे दस्तऐवज वाचता येतात. बातम्यांच्या बऱ्याच संकेतस्थळांवर एफ१२ दाबून लिलाव चालताना पाहता येतो. यासाठी पन्नास हजारांचा कोर्स करण्याची गरज नाही.

घर, वीज आणि घड्याळ

१२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरची नळीदार बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती ७० टक्क्यांपर्यंतच रिकामी केली आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर हाती साधारण १००० वॅट-तास येतात. लॅपटॉप ५० वॅट, जोडीचा मॉनिटर २०, बीएलडीसी पंखा ३०, राउटर १२, दिवा ९, मिळून १२१ वॅट. नवी बॅटरी आठ तास धकवते. पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर सहा तास. पंख्याऐवजी १८० वॅटचा कूलर जोडला तर जेमतेम पावणेचार. बॅटरीचे पाणी दर तीन महिन्यांनी पाहावे, उन्हाळ्यात दर महिन्याला.

गावठाण फीडरची लाइन शेतीच्या फीडरपेक्षा बरी असते, पण जूनच्या पहिल्या वादळात डीपी जळाली की दोन दिवसही अंधार राहतो. तेव्हा इन्व्हर्टर पुरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकाचे घर, अभ्यासिका किंवा ओळखीचे सेवा केंद्र आधीच ठरवून ठेवावे.

इंटरनेटचा वेग फार लागत नाही. ३० एमबीपीएसची फायबर जोडणी भरपूर झाली. लागते ती सलगता. पहिली वाट फायबरची, दुसरी वेगळ्या कंपनीच्या सिमची. दोन्ही एकाच कंपनीच्या असतील तर बहुधा एकदमच बसतात. फायबरच्या डब्यावर लाल एलओएस दिवा लुकलुकला तर तार तुटली आहे. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने ओढलेली असते. डबा बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये, सिमवर जावे. आणि लाइन बराच वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही उतरते, हे लक्षात ठेवून महत्त्वाचे काम पहिल्या दोन तासांतच उरकावे. वीज कडाडायला लागली की डब्याचा अडॅप्टर भिंतीतून काढून डबा छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर चालवावा. पावसाळ्यात जळतो तो आधी अडॅप्टरच.

घड्याळाचा हिशोब असा. लंडनचे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारी १:३० ते रात्री १०:३०, हिवाळ्यात २:३० ते ११:३०. न्यूयॉर्कचे तेच तास म्हणजे संध्याकाळी ६:३० ते पहाटे ३:३०, हिवाळ्यात ७:३० ते ४:३०. अमेरिकेचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, ब्रिटनचे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत बैठका चुकतात. त्या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहाव्यात.

लंडनच्या पाळीला एक दोष आहे आणि तो विदर्भातच कळतो. मे महिन्यात ती सुरू होते दीड वाजता, पारा ४५ च्या आसपास असताना. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच वापरा असे लिहिलेले असते. टिनाच्या खोलीत यंत्र स्वतःच मंद होते, मग बंद पडते. मातीच्या भिंतीची किंवा स्लॅबची, उत्तरेकडची खोली निवडावी. कूलरचा झोत यंत्रावर थेट घेऊ नये. तरीही रात्रपाळीपेक्षा हे परवडते. पहाटे साडेतीनला झोपलेल्या माणसाला सहाला दळणाच्या गिरणीचा, ट्रॅक्टरचा, देवळातल्या भोंग्याचा आवाज उठवतो. गाव रात्रपाळीसाठी जागा ठेवत नाही. वर्षभराने झोप, पचन आणि घरातले बोलणे, तिन्ही बिघडतात.

मुलींसाठी आणि सुनांसाठी ही नोकरी जास्त कामाची आहे, कारण जाणे-येणे नाही. पण खोलीचे दार लावून बसण्याचा हक्क घरात आधी ठरवावा लागतो. पाळीच्या मध्यात चहा मागितला गेला की मोहिमेची तारीख चुकते.

हंगामाचा पेच सगळ्यांत कठीण. जाहिरातींचा भर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो: आपली दिवाळी, नोव्हेंबरच्या अखेरचा ब्लॅक फ्रायडे, मग नाताळ. या काळात सुट्या गोठवतात. नेमकी तेव्हाच सोयाबीनची कापणी-मळणी आणि कापसाची वेचणी असते, मजूर मिळत नसतात. घरची शेती असेल तर हे दोन्ही एका माणसाने करू नये. ऑगस्टमध्येच दिवाळीच्या दोन सुट्या लेखी मंजूर करून घ्याव्यात. जानेवारीत बाजार एकदम बसतो, दर उतरतात, काम हलके होते. लांब रजा, परीक्षा, लग्नकार्य तेव्हा ठेवावे.

पगार आणि टिकाव

३ लाख ६० हजारांचे वार्षिक पॅकेज म्हणजे महिना ३० हजार हातात, असे समजू नये. मूळ पगार १५ हजार धरला तर कंपनीचा पीएफ १८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२२ त्यातच मोजलेले असतात. आपला पीएफ १८०० आणि व्यवसाय कर २०० आणखी जातो. हाती येतात साधारण २५ हजार ४७८. त्यात दहा टक्के ‘कामगिरीनुसार’ असतील तर आणखी कमी. विचारायचे ते हे: रात्रपाळीचा भत्ता वेगळा आहे का, वीज-इंटरनेटचे काही मिळते का, नोटिशीचा काळ ३० दिवस की ९०. शेअर देऊ म्हणतात तिथे साधारण चार वर्षांची मुदत असते आणि पहिल्या वर्षाआधी सोडले तर काही मिळत नाही. त्या आशेवर कमी पगार घेऊ नये.

धंद्यात चुकारा उशिरा होतो. ६० किंवा ९० दिवसांची उधारी नेहमीची, आणि मधल्याला पैसे आले तरच पुढच्याला, अशी साखळी. मधला बुडाला की रांगेतले सगळे अडकतात. अमेरिकेतली मीडियामॅथ ही जुनी डीएसपी जून २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा अनेक एसएसपींची येणी अडकली. बाजार समितीतला व्यापारी पळाला की काय होते हे ज्या गावांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नियमही एका रात्रीत उत्पन्न बदलतात. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर वापरणाऱ्याचा माग काढण्याआधी त्याची परवानगी विचारणे सक्तीचे केले आणि त्या मोजणीवर उभ्या असलेल्या कंपन्यांना फटका बसला. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून थर्ड पार्टी कुकी (एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माणूस ओळखणारी नोंद) काढण्याचे जाहीर केले, अनेकदा पुढे ढकलले आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडला. त्या चार वर्षांत कित्येक चमूंनी पर्यायांवर काम केले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा देशात झाला, तेव्हा ज्या कंपन्यांचे भारतातले उत्पन्न अशा खेळांवर होते त्यांना त्या ओळीच खोडाव्या लागल्या. ती बंदी योग्यच होती. गावातल्या पोरांचे त्या खेळांपायी झालेले कर्ज पाहिले की दुसरे मत होत नाही. पण मुलाखतीत विचारावे: कंपनीचे उत्पन्न कोणत्या दोन-तीन प्रकारच्या जाहिरातींवर उभे आहे? एकाच प्रकाराचे नाव आले तर जपून.

एक नीट ओळखून ठेवावे. ‘जाहिराती पाहा, लाइक करा, दिवसाला हजार रुपये’ असे टेलिग्रामवर येणारे काम म्हणजे ॲडटेक नव्हे. ती फसवणूक आहे. आधी शंभर-दोनशे देतात, मग ‘पुढच्या टप्प्यासाठी’ पैसे भरायला लावतात. खरी कंपनी लॅपटॉपसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नेमणूकपत्रासाठी उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. ई-मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून येते, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) मिळतो, मुलाखत किमान दोन फेऱ्यांची असते.

आणि मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचे आहे का’ म्हणतात तेव्हा हे विचारावे: मागच्या महिन्यात तुमच्या चमूत सर्वांत मोठी तूट किती होती आणि तिचे कारण काय निघाले? जो व्यवस्थापक आकडा आणि कारण दोन्ही सांगतो त्याच्या हाताखाली काम शिकता येते. जो म्हणतो ते दुसरा विभाग पाहतो, त्याच्याकडे जाहिराती चढवायलाच माणूस हवा आहे.